एका बोटाचा सौदा

मी त्या खोंडाचा ओठ वर करून दात बघत होतो, तेवढ्यात मागून जावई ओरडला, “मामा, हात काढा! इथं जनावरांना हात लावायचा नसतो.”

मी हात काढला. तोवर माझं काम झालं होतं.

“चार दाती हाय, म्हंजी अडीच वर्साचा,” मी म्हणालो. “कागदावर काय लिवलंय बगा बरं.”

रणधीरनं कठड्याला अडकवलेला कागद वाचला. “अडीच वर्षं.”

“मग?” असं म्हणून मी व्याह्यांकडे बघितलं. बापूसाहेब पोट धरून हसले. “ईमानात बसवून सातासमुद्रापार आणला, तरी दलाल त्यो दलालच,” ते म्हणाले. खाकी झगा घातलेला एक गोरा माणूस आमच्याकडे रोखून बघत होता. रणधीर त्याच्याकडे वळून दोनदा सॉरी म्हणाला आणि आमच्यावर दात खाऊन हसला. माझी वैजू मात्र मनापासून हसली होती. आम्ही तिच्याकडे येऊन महिना होत आला होता, आणि तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. तेव्हा मी जावयाला अहो-जाहो करायचो. आता निदान सांगताना तरी करणार नाही.

मी निवृत्ती बंडगर. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात तीस वर्षं दलाली केली. खिलार बैल चालताना नुसता बघितला तरी त्याचा कुठला पाय दुखतोय ते सांगायचो. बापूसाहेब गावडे साखर कारखान्यात शेती अधिकारी होते, पण घर शेतकऱ्याचं, दावणीला कायम दोन जोड्या. त्यांतली एक माझ्याच हातून गेलेली. तो व्यवहार करतानाच त्यांनी सोयरिकीचा विषय काढला होता. मुलगा इंग्लंडात, कॉम्प्युटरच्या कंपनीत. माझी वैजयंता औषधशास्त्राची पदवी घेतलेली. तिची आई तेव्हा हयात होती. ती एवढंच म्हणाली, “लई लांब हाय वो.” मी म्हणालो, “लांबचंच भारी असतंय.” तिची आई लग्नानंतर दोन वर्षांनी गेली. मग आम्ही दोघे व्याही मिळून पोरांचा संसार बघायला गेलो. महिना संपत आला, शनिवारी परतीचं विमान होतं, आणि गुरुवारी रणधीरनं कचेरीतून रजा काढून आम्हाला हे गाव दाखवायला आणलं.

गावाचं नाव मार्केट ऑलबी. नावातच बाजार. सातशे वर्षांपूर्वी कुठल्याशा राजानं इथं बाजार भरवायची सनद दिली म्हणे, आणि तेव्हापासून दर गुरुवारी तो भरतोय. मधोमध चौक, चौकात झिजलेल्या दगडांची फरशी, एका बाजूला सुईसारखं टोक असलेलं चर्च. घरं काळ्या लाकडाच्या चौकटीची, मधे पांढरा गिलावा, आणि काही तर इतकी कललेली की वरच्या मजल्यावरच्या बाईनं समोरच्या घरातल्या बाईला मीठ द्यावं. चौकात रंगीत पट्ट्यांच्या कापडाखाली चीज, बटाटे, फुलझाडांची रोपं, लोकरीचे मोजे. आणि चर्चच्या मागे जनावरांचा लिलाव. त्यासाठीच रणधीरनं हे गाव निवडलं होतं. “मामांना आवडेल,” तो म्हणाला होता. वागायला गोड होता. चारचौघांत तर फारच गोड.

लिलाव बघून मी थक्क झालो. गोल रिंगण, चारी बाजूंनी पायऱ्या, पायऱ्यांवर टोप्या घातलेले शेतकरी. उंच ओट्यावरचा माणूस श्वास न घेता भाव म्हणत होता, आमच्याकडे भटजी लग्नात घाईनं मंत्र म्हणतो तसा. कुणी भुवई उचलली की भाव चढायचा. शेवटी लाकडी हातोडीचा ठोका, की जनावर गेलं. सगळ्या पंचक्रोशीला कळायचं कुणी घेतलं आणि कितीला.

“हितं सगळंच उघड,” बापूसाहेब म्हणाले. “आपल्यासारकं रुमालाखाली न्हाई.”

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वर उपरणं टाकतात, आणि आतल्या आत बोटं धरून बोलणी होतात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा धरला की पाच. हजार की शेकडा, तेवढंच तोंडानं सांगायचं. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावालाही पत्ता लागत नाही. वैजू सहा वर्षांची असताना मी तिला हे शिकवलं होतं. रविवारी बाजारात घेऊन जायचो, आणि ती माझ्या मांडीवर बसून गिऱ्हाइकांची फक्त तोंडं बघून सांगायची, “अण्णा, ह्यो आजून चढंल.” पुष्कळदा बरोबर निघायचं. मुलगा असती तर हिला गादीवर बसवली असती, असं मी लोकांना सांगायचो. ते तिला किती लागत असेल, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

थोड्या वेळानं बापूसाहेबांना नवे ट्रॅक्टर बघायचे होते. रणधीर त्यांना घेऊन पलीकडे गेला. वैजूनं माझा हात धरला आणि मेंढरांच्या कोंडवाड्यांकडे नेलं.

“अण्णा, मला तुमच्यासंगं घेऊन चला.”

“कुठं गं?”

“घरी. शनिवारी.”

मी हसलो. मला वाटलं, पोरीला माहेरची ओढ लागली. तिनं कोटाची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या माराचे पिवळट डाग अजून होते.

“तुम्ही आल्यावर बंद केलंय,” ती म्हणाली. “ह्ये त्याच्या आदल्या आठवड्यातलं हाय. जानेवारीत दाराबाहेर काढलं हुतं. बर्फ पडलेलं, पायात काय न्हाई. शेजारच्या म्हातारीनं घरात घेतलं. परीक्षा देऊन हितं औषधाच्या दुकानात लागायचं म्हनलं, तर पुस्तकं फाडली.”

“आणि तू आत्ता सांगतीस?”

“महिना झाला, सांगू सांगू म्हणतेय. घरात त्यो कायम दाराशी असतोय.” ती भराभर बोलत होती, पाठ केल्यासारखं. “पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलपात असतोय. परवा तुमचा काढायला कपाट उघडलं, तवा माझा मी काढून घेतला. तिकीट मैत्रिणीनं काढून दिलंय, तुमच्याच ईमानाचं. सगळी तयारी हाय.”

“मग माझं काय काम?”

“तुम्ही नुसतं म्हना, लेक माझ्यासंगं येतीय म्हणून. मामंजींच्या समोर. मी म्हनले तर त्यो दार अडवंल. तुम्ही म्हनलात तर न्हाई अडवायचा.”

एवढंच काम होतं. एक वाक्य. मी म्हणालो, “बोलतो.” तिनं माझ्या उपरण्याच्या टोकाला डोळे पुसले आणि नाकही पुसलं. माझं रक्त उसळलं होतं, खोटं सांगत नाही. त्या क्षणी रणधीर समोर आला असता तर मी त्याला मेंढरांच्या कोंडवाड्यात कोंबला असता. पण तो समोर आला नाही, आणि मी चालत चालत चौकात येईपर्यंत रक्त आपल्या जागी गेलं. माणसाचं रक्त फार लवकर थंड होतं.

चौकाच्या कडेला जुनी बाजार-इमारत होती. वर लाकडी माडी, खाली नुसते जाडजूड लाकडी खांब, चारी बाजूंनी उघडी. पूर्वी तिथं बायका लोणी आणि अंडी विकायला बसायच्या म्हणे. आता बाकं टाकली होती आणि कोपऱ्यात चहाची टपरी. रणधीरला कचेरीतून फोन आला, तो बोलत बोलत चर्चच्या दिशेनं गेला. वैजू चहाच्या रांगेत उभी राहिली. जाताना तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. आता बोला, असं ते बघणं होतं.

बाकावर मी आणि बापूसाहेब. मी घसा साफ केला.

“पाव्हणं, लेक शनिवारी माझ्यासंगं येतीय.”

त्यांना जराही धक्का बसला नाही. गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाले, “लई मारलंय का?”

“म्हंजी तुमास्नी म्हाईत हाय?”

“बाप हाय मी त्याचा.” त्यांनी चौकाकडे तोंड फिरवलं. “त्याच्या आज्यापास्नं हाय आमच्यात ह्यो राग. माझ्या आईनं काढलं, रणधीरच्या आईनं काढलं. वय वाढलं की निवतो.”

“माझी लेक काढायची न्हाई.”

“नका काढू. घिऊन जा. मी अडवनार न्हाई.” ते माझ्याकडे वळले. “पर शालनचं काय?”

शालन माझी धाकटी. तिचं लग्न बापूसाहेबांच्या पुतण्याशी ठरलं होतं, वैशाखात. मुलगा शांत, शेतीवाडी बरी, निर्व्यसनी. पत्रिका छापायला टाकल्या होत्या.

“धाकट्या भावाला काय सांगू?” बापूसाहेब म्हणाले. “थोरली दोन-तीन वर्सांत माघारी आली, आता धाकटी घ्या म्हणू? तुमीबी बाजारातलं मानूस, पाव्हणं. दावणीचं येक जनावर माघारी आलं की सबंद दावणीला बट्टा लागतोय.”

“धमकी देताय?”

“न्हवं वो. हात जोडून सांगतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची. वाईच मुदत द्या. मी रणधीरला ताळ्यावर आणतो.”

रागानं उठून जायचं, हा एक मार्ग होता. शालनचं मी बघून घेईन म्हणायचं, हा दुसरा. मी दोन्ही केलं नाही. तोंडातून शब्द गेला, “किती?”

दलालीतला पहिला धडा मी कित्येक नवशिक्यांना शिकवला आहे. ज्यानं ‘किती’ विचारलं, त्यानं विकायचं मनात ठरवलेलं असतं. पुढची नुसती घासाघीस.

बापूसाहेबांनी रांगेकडे बघितलं. वैजू दहा पावलांवर होती, बोललेलं ऐकू गेलं असतं. त्यांनी नुसता हात पुढं केला. आणि मी खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या हातांवर टाकलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं जे हातानं केलं, ते हातानं परस्पर केलं.

“वर्साचं,” ते पुटपुटले, आणि माझी तीन बोटं धरली.

मी झटकली. त्यांचं एक बोट धरलं.

त्यांनी दोन धरली. मी मान हलवली, पुन्हा एकच. ते थांबले. बाजारात असं थांबणं मला चांगलं ठाऊक. थांबणारा माणूस हरतो. मी बोट सोडलं नाही. शेवटी त्यांनी माझा हात दाबला आणि कानाशी येऊन म्हणाले, “येक तर येक. वर्सात सुदारला न्हाई, तर मी सोता सुनंला तुमच्या दारात आणून सोडतो. गावडेचा शबुद हाय.”

आणि मला बरं वाटलं. हे सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगतो. मला बरं वाटलं, कारण तिनाचं मी एकावर आणलं होतं. साखर कारखान्याच्या अधिकाऱ्याला आपण पुरून उरलो, असं वाटून मी मनात मिशीला पीळ दिला.

मान वर केली तर समोर वैजू उभी होती. हातात ट्रे, ट्रेमध्ये चार कागदी कप. ती आमच्या चेहऱ्यांकडे बघत नव्हती. आम्ही दोघांनी एकदम हात काढले आणि उपरणं दोघांच्या मधे बाकावर पडलं. बापूसाहेबांनी ते उचलून घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं, व्यवहार पुरा झाल्यावर ठेवतात तसं. मग ते चर्च बघायचं निमित्त करून उठले.

वैजूनं ट्रे बाकावर ठेवला. “साखर एकच ना अण्णा?”

“वैजे, बस.”

“गार हुईल.”

“बस म्हनतो ना. हे बग, येक वर्स. फकस्त येक. शालनचं लगीन तेवडं पार पडू दे. त्येनी शबुद दिलाय. तीन म्हनत हुते, मी येकावर आणलं.”

शेवटचं वाक्य कशाला बोललो, देव जाणे. शाबासकी मागत होतो की काय. ती माझ्या कपात साखर ढवळत राहिली. साखर कधीच विरघळली होती.

“तुम्ही बोलतो म्हनला हुता,” ती म्हणाली.

“बोललो की.”

“व्हय.” तिनं कप माझ्या हातात दिला. “बोललात.”

मी चहा प्यायलो. पचपचीत होता, तरी सगळा प्यायलो, कारण पिताना बोलावं लागत नाही. रडेल, भांडेल, निदान तोंड फिरवून बसेल, असं वाटत होतं. तिनं यातलं काही केलं नाही. उरलेला चहा ओतून देऊन, कप एकात एक घालून ती कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

तेवढ्यात रणधीर बापूसाहेबांना घेऊन आला, हसतमुख. “चला मामा, इथली खास जागा राहिली. गाव बघितलं आणि क्रॉस नाही बघितला, असं नको.”

चौकाच्या मधोमध पायऱ्यांचा दगडी ओटा होता आणि त्यावर एक उंच दगडी खांब, टोकाला झिजलेला क्रूस. पूर्वी कुठलाही मोठा व्यवहार या खांबाखाली करायचे, देवाच्या साक्षीनं, असं रणधीरनं सांगितलं. पायथ्याशी पितळी पाटी होती. बापूसाहेबांनी हात मागं बांधून पाटीकडे बघितलं.

“काय लिवलंय?”

रणधीर सांगायला लागला, “काही नाही दादा, जुन्या काळचं असंच...” पण वैजू पायरीवर चढली होती. ती पाटी वाचायला लागली. एकेक ओळ इंग्रजीत मनात वाचायची आणि आमच्यासाठी मराठीत मोठ्यानं सांगायची. शाळेत धडा वाचायची तो आवाज. त्यात माणदेशी बोलीचा टिपूसही नव्हता.

“दोनशे वर्षांपूर्वी, या ठिकाणी, एका विणकरानं बाजाराच्या दिवशी आपली बायको विकली. तिच्या गळ्यात दावं बांधून त्यानं तिला घरापासून चालवत आणलं. गावात भरपूर गर्दी होती. अशी विक्री कायद्यानं मान्य नव्हती, पण गरिबांमध्ये रीत होती. बोली लावून ती एका घोडेवाल्याला दिली.”

“काय रानटी मानसं!” बापूसाहेब म्हणाले.

आणि मी विचारलं, “कितीला गेली?”

ठरवून नाही विचारलं. बाजारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला जनावर विकलं म्हटलं की पुढचा प्रश्न तोच येतो. तोंडातून गेला तेव्हा मला कळलं की मी काय विचारलं. बापूसाहेब हसले, रणधीर तर खो-खो हसला. “मामा म्हणजे मामाच,” तो म्हणाला.

वैजू पायरीवरून माझ्याकडे बघत होती. खांब तिच्या पाठीशी होता.

“पाच शिलिंग,” ती म्हणाली. “पण बोली उघड झाली होती, अण्णा. सगळ्या बाजारासमोर. तिला ऐकू येत होतं.”

रणधीरला काही कळलं नाही. बापूसाहेबांना कळलं, त्यांनी खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. मी खाली दगडांकडे बघत होतो. वैजू पायऱ्या उतरली आणि आमच्या पुढं होऊन गाडीकडे चालायला लागली.

आता वाटतं, तिथंच हाक मारायला हवी होती. भर चौकात ओरडायला हवं होतं की सौदा मोडला, घेतला शब्द माघारी. बाजारात सौदे मोडतात. हात दाबल्यावरही मोडतात. मी स्वतः मोडलेत, आणि चारचौघांत शिव्या खाल्ल्यात. पण व्याह्यांपुढं आपला शब्द खाली पडू नये, एवढीच चिंता तेव्हा मला होती.

शनिवारी विमानतळावर ती पाया पडली. माझ्याही आणि बापूसाहेबांच्याही. मैत्रिणीनं काढलेल्या तिकिटाचं काय केलं, हे मी विचारलं नाही. रणधीरनं आमच्या दोघांचे फोटो काढले आणि वैजूला म्हणाला, “तू पण उभी राहा ना अण्णांजवळ.” ती राहिली. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात मी हसतोय.

शालनचं लग्न ठरल्याप्रमाणे वैशाखात झालं. वैजू आली नाही, रणधीरला रजा मिळाली नाही म्हणून सांगितलं. मांडवात बापूसाहेब छातीवर उपरणं टाकून मिरवत होते, आणि मीही. अक्षता टाकताना मी मनाशी म्हणालो, बघ, सगळं सुरळीत झालं. आपलेच दात, आपलेच ओठ, दोन्ही वाचवले.

लग्नाला पंधरवडा झाला आणि बापूसाहेबांचा फोन आला. आवाज बसलेला. “सून घर सोडून गेली.” रणधीर कचेरीत असताना दुपारी एका पिशवीत चार कपडे घालून निघाली. शेजारच्या म्हातारीनं तिला बायकांच्या कुठल्याशा आश्रमात पोचवलं. पोलिसांत जबाब दिला, हाताचे फोटो दिले. हे सगळं तिनं एकटीनं केलं. तिला माझ्या एका वाक्याची गरज होती, असं ती समजत होती. ते तिचं चुकलं होतं, आणि ते तिच्या लक्षात मी आणून दिलं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी शालन माहेरपणाला आली होती. दुपारी तिच्या मोबाइलवर फोन आला, ती परड्यात जाऊन हळू आवाजात बोलायला लागली. मला समजलं. मी जाऊन फोन हातातून घेतला.

“वैजे! कुठं हायस तू? ये घरी. घर तुजंच हाय.”

पलीकडून आवाज आला, थकलेला, पण सरळ.

“किती दिवस झाले, अण्णा?”

“कशाला?”

“सौदा झाल्याला.”

उत्तर घेतल्याशिवाय ती सोडणार नव्हती.

“दोन म्हैने,” मी म्हणालो.

“मग अजून दहा हायत. तुम्ही कधी मुदतीआधी माल माघारी घेतलाय का?”

“तू माल न्हाईस गं, पोरी.”

“ह्ये त्या दिवशी म्हनायचं हुतं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी दहा महिने थांबलो. शब्दाचा पक्का माणूस ना मी! शालनला मधे मी एकदाही विचारलं नाही, व्याह्यांकडेही विषय काढला नाही. रोज संध्याकाळी वाटायचं, आता राग निवला असेल, आता तीच फोन करेल. वर्ष पुरं झालं. मी पहाटे आंघोळ करून एसटीनं शालनच्या सासरी गेलो. ती गोठ्यात शेण काढत होती. हात धुऊन आली, पाणी दिलं, चहा टाकला.

“ताईचा नंबर दे,” मी म्हणालो.

“नंबर बदललाय तिनं.”

“नवा दे. तुज्याकडं असंल.”

“हाय. परीक्षा पास झाली ती. औषधाच्या दुकानात लागलीय.” शालन चुलीपाशी उभी राहून चहा गाळत होती. “तिनं सांगितलंय, गावात कुनीबी मागितला तर दे. अण्णा सोडून.”

“तिला काय कळतंय तू दिलास का न्हाई?”

“मला कळंल की.”

मी तिच्यावर चिडलो. म्हणालो, “तुज्यापायी केलं गं मी ते समदं. तुजं लगीन मोडू नये म्हनून. न्हाईतर मला काय हौस हुती?”

शालननं कप माझ्यापुढं ठेवला. ती माझी धाकटी, अबोल, कधी वर तोंड करून न बोललेली.

“मला येकदा इचारायचं हुतं, अण्णा,” ती म्हणाली. “म्या मोडलं असतं.”